उन्हाळ्याची पेटी

चैत्र लागला की घरातील पेटी उघडावयाची, हा नेम आमच्याकडे माझ्या आजीच्या काळापासून चालत आला आहे. थंडीची पांघरुणे धुऊन उन्हात घालावयाची, वेखंडाचे जुने तुकडे टाकून नवे ठेवावयाचे, आणि तळाशी घडी करून ठेविलेले पातळ सुती कपडे वर काढावयाचे, एवढाच त्या दिवसाचा कार्यक्रम. डोंबिवलीच्या बिऱ्हाडात पेटीची जागा आता भिंतीतल्या कपाटाने घेतली. नेम मात्र मोडलेला नाही. यंदा त्या दिवशी घरात जो प्रसंग घडला, त्यातून या महिन्याचा विषय निघाला.

कपाट उघडताच प्रथम बाहेर आला तो माझ्या नातवाच्या सदऱ्यांचा ढीग. मुलगा महाविद्यालयात जातो. स्वभावाने उधळ्या मुळीच नाही. पण मोबाइलवर तीन-चारशे रुपयांचा सदरा दिसला की मागवावयाचा, ही त्याच्या वयाच्या मुलांची सर्वसाधारण रीत. मोजले तेव्हा 19 सदरे भरले. त्यांपैकी 11 निकामी झालेले. कोणाची काखेतली शिवण उसवलेली, कोणाचा गळा लोंबू लागलेला, कोणाच्या अंगावर लव गोळा होऊन दाणे उठलेले. दोन तर धुतल्यावर तिरके झाल्यामुळे एकदाच वापरलेले. आणि हे सारे एका वर्षातले.

योगायोगाने त्याच वेळी जिन्यात बोहारणीची हाक आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या या बाया आमच्या भागात अजून येतात. मी तो ढीग तिच्यापुढे ठेविला. तिने एक सदरा चिमटीत धरून चोळून पाहिला, दुसरा पाहिला, आणि ढीग परत सरकवीत म्हणाली, "आजोबा, हे नको. ह्याला पुढं गिऱ्हाईक नाही. पुसायला घेतलं तरी पाणी ओढत नाही. सुताचं काही असेल तर काढा." सौभाग्यवतींनी दोन विरलेली सुती पातळे दिली, त्यांवर एक झाकणाचा डबा मिळाला. 11 सदरे जागच्या जागी राहिले.

मास्तरकीची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. मी लगेच व्याख्यानास आरंभ केला. नातवाने ते शांतपणे ऐकून घेतले, मग वाकून कपाटाच्या खालच्या खणातून माझी एक विजार काढली आणि म्हणाला, "आजोबा, ही तुमची टेरिकॉटची पँट. आजी म्हणते, लग्नाच्या वेळची आहे. चाळीसएक वर्षं झाली, एक धागा निघालेला नाही. टिकाऊ कपडा म्हणजे हाच ना? मग तुम्ही ही घालत का नाही?"

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. ते सुचावयास चार दिवस लागले, आणि या लेखात सांगावयाचे आहे ते तेच आहे.

ती विजार मी घालीत नाही, कारण ती वैशाखात घालवत नाही. आमच्या पिढीस टेरिलीनचे किती कौतुक होते, हे आजच्या मुलांस सांगून पटणार नाही. पॉलिएस्टरचा हा धागा 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढला. 1960 नंतरच्या दशकात तो आपल्या ठाणे-बेलापूरच्या पट्ट्यातही निघू लागला. इस्त्री लागत नाही, आटत नाही, विरत नाही, रात्री धुतला की सकाळी वाळतो, अशी त्याची ख्याती. सुती सदरा घालणारा तो गरीब आणि टेरिलीन घालणारा तो सुधारलेला, असा समज आम्हीच रूढ केला. घरातील सूत बाहेर गेले ते नातवाच्या मोबाइलमुळे नव्हे. ते आम्हीच पूर्वी घालविले होते. नातवाने केले एवढेच की, आमच्या टिकणाऱ्या प्लास्टिकच्या जागी न टिकणारे प्लास्टिक आणिले.

आता शास्त्र पाहू. घाम येतो तो वाळावा म्हणून. तो वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. देशावर हवा कोरडी असल्यामुळे घाम झटपट वाळतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही गावे खाडीच्या काठची. येथे वैशाखात हवाच ओलाव्याने भरलेली, तेव्हा घाम अंगावरच थांबतो. अशा ठिकाणी वस्त्राने तो टिपून घ्यावा, पसरवावा आणि वाऱ्यास आतून वाट द्यावी, एवढी अपेक्षा असते. प्रमाण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरून ठेवितो, जवसाच्या धाग्याचे कापड, ज्यास बाजारात लिनन म्हणतात, ते सुमारे 12 टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. बोहारणीने चिमटीत जे ओळखिले ते हेच.

आपल्या वैद्यकाने ऋतूनुसार वस्त्राचाही विचार केलेला आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या भावप्रकाश ग्रंथात दिनचर्येच्या प्रकरणात रेशमी व लोकरी वस्त्र थंडीत, पांढरे वस्त्र पावसाळ्यात आणि काषाय म्हणजे वनस्पतींच्या तुरट काढ्यात रंगविलेले वस्त्र उन्हाळ्यात वापरावे, तेही हलके असावे, असे सांगितले आहे. उन्हाळ्यास पांढरे न सांगता काषाय का सांगितले, याचे कारण ते पित्तशामक, असे तो देतो. मला त्यात आणखी एक सोय दिसते: पांढऱ्या सदऱ्यावर घामाचे पिवळे डाग चार धुण्यांत दिसू लागतात, फिक्या मातकट रंगावर ते दिसत नाहीत, आणि म्हणून तो सदरा दोन उन्हाळे अधिक चालतो.

वस्त्राचा विचार आपल्या या गावांस नवा नाही. ज्या कल्याणच्या स्थानकावर आज पाय ठेवावयास जागा मिळत नाही, त्या कल्याण बंदरातून कापड परदेशी जात असल्याची नोंद सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने केली आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याहून बाहेर जाणाऱ्या मालात कापड आणि कापूस यांचा उल्लेख केला. पुढे जवळच भिवंडीत यंत्रमागांची खडखड सुरू झाली ती अद्याप चालू आहे. मात्र त्याच भिवंडीच्या रस्त्यांवर आता घरपोच मालाची प्रचंड गोदामे उभी आहेत, आणि नातवाचे सदरे बहुधा तेथूनच येतात. मागाच्या शेजारी राहून आपण कापड ओळखावयास विसरलो, ही आपली आजची स्थिती.

स्वस्त कपडा स्वस्त का पडतो, हेही पाहिले पाहिजे. त्याची उरलेली किंमत दुसरा कोणी तरी भरतो. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे 24 एप्रिल 2013 रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तीत परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींस तडे गेलेले दिसले असतानाही कामगारांस कामावर बोलाविण्यात आले. 1100 हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. हे दूरचे झाले. जवळचे पाहावयाचे तर अंबरनाथास जावे. तेथील शिवमंदिर शके 982 मधील, म्हणजे इ. स. 1060 चे, आणि ते वालधुनीच्या काठी आहे. ज्या ओघाच्या काठी शिल्पकारांनी ते मंदिर उभारिले, तीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे येईपर्यंत काळी पडते. जीन्सच्या विजारी धुऊन फिकट करण्याच्या कारखान्यांचे निळे पाणी वर्षानुवर्षे तिच्यात गेले, आणि त्याविरुद्ध लोकांस न्यायासनापर्यंत जावे लागले. आमच्या डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत फेब्रुवारी 2020 मध्ये रसायनांमुळे रस्ताच गुलाबी झाला, तेव्हा तो पाहावयास प्रत्यक्ष मुख्यमंत्री आले होते. हे सारे एका सदऱ्यामुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु एक सदरा वर्षात 19 वेळा मागविला जातो तेव्हा त्याचा रंग कोठे तरी धुतला जातच असतो.

आता जुन्या घरांतील रीत आठवून पाहावी. धोतर नवे असेल तोवर सणावारी. मग रोजच्या वापरास. मध्ये विरले की दोन तुकडे करून कडेचे भाग मध्ये घेऊन जोडावयाचे, त्यास दांड म्हणत. तेही विरले की त्याचे पंचे. पंचा मऊ झाला की तान्ह्या बाळाची दुपटी व लंगोट, कारण बाळाच्या कातडीस नव्या कापडापेक्षा शंभरदा धुतलेले कापड मानवते. लुगड्याची गोधडी, गोधडीचे पायपुसणे, आणि शेवटी पोतेरे. त्यानंतर जे उरे ते मातीत जाई, आणि माती ते स्वीकारी. त्या धोतरास कोणी टिकाऊ म्हणत नसे, कारण ते झिजत असे, आणि झिजता झिजताच ते पाच माणसांच्या उपयोगी पडे. माझी टेरिकॉटची विजार झिजत नाही आणि कोणाच्या उपयोगीही पडत नाही. नातवाचा सदरा झिजण्यापूर्वीच मोडतो. दोन्ही एकाच पेटीत निरुपयोगी पडून आहेत. मग टिकाऊ वस्त्र कोणते? जे आपण आवडीने अंगावर घालतो, जे दुरुस्त करता येते, आणि जे शेवटच्या चिंधीपर्यंत कामास येते, ते. पेटीत किती वर्षे राहिले यावरून वस्त्राचे आयुष्य मोजू नये. अंगावर किती दिवस राहिले यावरून मोजावे. नातवास मी चौथ्या दिवशी हे उत्तर दिले. तो म्हणाला, "मग यादी करू."

ती यादी आम्ही तिघांनी, म्हणजे नातू, सूनबाई आणि मी, मिळून केली. वाचकांनी आपापल्या घरच्या मानाने तीत फेरफार करावा.

पुरुषास चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत 6 सुती सदरे पुरतात: 4 बाहेर जाण्याचे, 2 घरातले. त्यांस जोड 3 पातळ सुती विजारींची, 4 गंजीफ्रॉकांची आणि 2 पंचांची. पंचा हे उन्हाळ्यातील सर्वांत गुणी वस्त्र आहे. डोक्यावर ओला ठेवावा, घाम पुसावा, गाडीत मानेवर टाकावा. नोकरीस जाणाऱ्या स्त्रीस 5 कुर्ते आणि 3 सलवारी, किंवा रोज पातळ नेसणारीस 6 सुती पातळे व त्यांस चालतील अशी 4 पोलकी. रंग असे निवडावेत की कोणतेही वरचे वस्त्र कोणत्याही खालच्या वस्त्रावर शोभावे. मग मोजके कपडेही पुष्कळ वाटतात. आणि हे सारे एकदम घ्यावयाचे नाही. वर्षास दोन नवे सदरे, म्हणजे तीन वर्षांत सदरे पुरे होतात. चौथ्या वर्षी पहिल्या दोघांची घरात बदली होते.

कापड निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, ते उजेडासमोर धरावे. विणीत जागोजाग विरळ पट्टे दिसले तर तेथेच ते प्रथम फाटणार. दुसरी, पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर घासावा. रंग उतरला तर तो पहिल्या धुण्यात इतर कपड्यांवरही उतरेल. तिसरी, कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. दुकानदार कितीही शपथा घेवो, धागा खोटे बोलत नाही. चौथी, सुताचा नंबर विचारावा; नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. 40 ते 60 नंबरचे सूत रोजच्या सदऱ्यास बरे. 100 च्या पुढचे तलम सूत लग्नसमारंभास शोभते, सकाळच्या लोकलमध्ये त्याचा निभाव लागत नाही. हातमागाच्या कापडावर 2006 पासून हातमागाची खूणचिठ्ठी आणि खादीवर 2013 च्या नियमांपासून खादीची खूणचिठ्ठी असते. ती पाहून घ्यावी. हाताने कातून हाताने विणलेली ती खादी, गिरणीच्या सुताची पण हाताने विणलेली ती हातमागाची, हा भेद पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसतो. दोन्ही परवडत नसतील तर गिरणीचे शुद्ध सुती कापड घेण्यात काही कमीपणा नाही.

खादीच्या नावाने हल्ली कोणी हसतो, कोणी मिरवितो. मला सार्वजनिक काकांची आठवण होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी 1877 साली दिल्ली दरबारास गेले ते आपल्या हातच्या सुताचा खादीचा पोशाख करून. राजेरजवाड्यांच्या जरतारी मेळाव्यात तो एकच साधा पोशाख. त्यांची ही कृती गांधीजींच्या चळवळीच्या कितीतरी आधीची आहे. आपल्या घराण्यांत ही परंपरा आहे. ती कोणाकडून उसनी आणावयाची नाही.

कापड आणिले की प्रथम ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, मगच शिंप्याकडे द्यावे. आटावयाचे ते शिवण्यापूर्वीच आटून जाते. शिंप्यास तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: दोन्ही बाजूंच्या शिवणीत माया सोडावी, म्हणजे अंग वाढले तर सदरा वाढविता येतो, काखेत चौबगळा घालावा, म्हणजे गाडीतील कडी धरताना तेथे ताण बसत नाही, आणि उरलेला हातभर तुकडा टाकून न देता परत करावा, कारण कॉलर झिजली की तीच नवी करावयास लागते. जुने शिंपी कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा बसवीत, आणि सदऱ्यास दोन वर्षांचे नवे आयुष्य मिळे. आमच्या गल्लीतला शिंपी म्हणतो की, गेल्या कित्येक वर्षांत कॉलर उलटवून द्या असे सांगणारे गिऱ्हाईक त्याच्याकडे आलेले नाही. त्याचा मुलगा आता या धंद्यात नाही. आपण सदरे शिवून घेणे थांबविले तर दहा वर्षांनी माया म्हणजे काय हे सांगावयासही कोणी उरणार नाही. कपड्यांबरोबर ही विद्याही जात आहे, याची मला अधिक चिंता वाटते.

धुण्याविषयी थोडे. उन्हाळ्यातील कपडा मळतो कमी, घामेजतो फार. घाम अंगावरच वाळू दिला की त्यातील क्षार कापडात मुरतात आणि काखेचा भाग पिवळा व कडक होतो. म्हणून घरी येताच सदरा साध्या पाण्यातून काढावा. साबण एकाआड एक दिवस पुरे. विरंजनाची पूड सुताचा शत्रू समजावी. कपडा उलटा करून वाऱ्यावर, शक्यतो सावलीत वाळवावा. भाताच्या पेजेची खळ दिलेला सदरा अंगास चिकटत नाही. मात्र मृगाच्या सुमारास उन्हाळी कपडे पेटीत टाकताना खळ पूर्ण धुऊन काढावी, कारण कसर लागते ती खळीच्या गोडीने. पूर्ण वाळलेला कपडा, बिनखळीचा, आणि वर वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला. आमच्याकडची दमट हवा लक्षात घेता एवढे केले की बुरशीचे भय नाही.

आता हिशेब. नातवाचा सदरा 400 रुपयांचा. तो सरासरी 12 वेळा घातला गेला असे त्यानेच मान्य केले. म्हणजे एका दिवसास 33 रुपये. त्यास शिवून दिलेल्या हातमागाच्या सदऱ्यास अडीच मीटर कापड, 320 रुपये मीटरने 800, आणि शिलाई 450, एकूण 1250 रुपये लागले. आठवड्यास दोनदा, 15 आठवडे, म्हणजे उन्हाळ्यात 30 दिवस. चार उन्हाळ्यांत 120 दिवस. दिवसास साडेदहा रुपयांच्या आत. शिवाय शेवटी पुसणे उरेल ते वेगळेच. ज्याच्याजवळ 1250 रुपये एकदम नाहीत त्यास हा हिशेब सांगणे निष्ठुरपणाचे होईल, हे मी जाणतो. तो तीनशेचा सदरा घेतो ते गरजेने. ज्यांच्या कपाटात 19 आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

माझे हे सारे निरूपण ऐकून झाल्यावर सौभाग्यवती एकच वाक्य बोलल्या. "अहो, त्या धोतराला दांड कोण घालत होतं?" मी गप्प राहिलो. धुणे, खळ, नीळ, गोधडी, रफू, बाळाची दुपटी, हे सारे माझ्या आईने आणि आजीने केले. आम्ही पुरुषांनी घडी घातलेले धोतर खुंटीवरून काढून नेसले, आणि आता त्या रीतीचे गोडवे गातो. टेरिलीन घरात आले तेव्हा पुरुषांस मिरविण्यास मिळाले हे खरे. पण दमलेल्या बायकांस विसावा मिळाला, हेही तितकेच खरे. त्या सुखाची किंमत न ओळखता सूनबाईस पुन्हा खळीच्या पातेल्यापाशी उभी करावयाची असेल, तर ही पेटी न उघडलेली बरी. सूनबाई सकाळी साडेसातला घर सोडते आणि रात्री आठास परत येते. तिच्या खांद्यावर माझी काटकसर लादण्याचा मला अधिकार नाही.

म्हणून यादीच्या शेवटी आम्ही एक कलम घातले: ज्याचा कपडा, त्याचे धुणे; ज्याचे बटण, त्याची सुई. वयाच्या साठीनंतर मी बटण लावावयास शिकलो. पहिले बटण लावले ते काजाच्या अर्धा बोट वर गेले, आणि सदरा एका खांद्यावर उचलल्यासारखा दिसू लागला. सौभाग्यवतींनी तो पाहिला, हसल्या, पण हात लावला नाही. दुसऱ्यांदा मीच उसवून लाविले. नातवाने आपल्या दोन सदऱ्यांच्या काखा हातशिलाईने शिवल्या. टाके ओबडधोबड आहेत, पण महिना झाला, सुटलेले नाहीत. सूनबाईने सासूच्या दोन जुन्या पातळांचे, पदराचा विरलेला भाग टाळून, तीन कुर्ते बेतले, आणि कार्यालयात कोणीतरी ते कापड कोठून आणले म्हणून विचारले, हे सांगताना तिचा चेहरा खुललेला मी पाहिला.

साने गुरुजींच्या श्यामची आई या पुस्तकात श्यामने खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेल्याची गोष्ट आहे. वाचकांपैकी बहुतेकांस ती पाठ असेल. तो कोट महाग नव्हता. तरी तो अजून आपल्या लक्षात आहे, कारण त्या घरात तसा दुसरा नव्हता, आणि तो शिवण्यामागे कोणाचे तरी मन होते. 19 सदऱ्यांतला कोणता सदरा नातवाच्या लक्षात राहील, हे त्यास विचारले, तेव्हा तो थोडा विचार करून म्हणाला, "काख शिवलेला."

राहिला प्रश्न त्या 11 सदऱ्यांचा आणि माझ्या विजारीचा. सदऱ्यांपैकी ज्यांचे कापड बरे होते अशा चारांच्या पिशव्या झाल्या; बाजारहाटास त्या उत्तम चालतात. उरलेल्या सातांचे काय करावे, हे अजून ठरलेले नाही. पुढे कचऱ्यात दिले तर ते कोठे जळतील हे ठाऊक आहे. कल्याणची आधारवाडीची कचराभूमी 2021 साली बंद होईपर्यंत तिचा धूर आम्ही कित्येक उन्हाळे पाहिला आहे. परदेशी कापडाच्या होळ्या 1905 साली पुण्यात आणि 1921 साली मुंबईत परळला झाल्या, त्या समजून उमजून पेटविलेल्या होत्या. या होळ्या आपोआप पेटतात आणि कोणाच्या मनात काही जळत नाही. तूर्त ते सात सदरे गाठोडे बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेविले आहेत. मोबाइलवर नवा सदरा दिसला की प्रथम वर पाहावयाचे, असे नातवाने स्वतःच ठरविले आहे.

विजार मात्र मी खालच्या खणातच ठेविली आहे. पुढच्या चैत्रात पेटी उघडेल तेव्हा तीही निघेल, आणि दोष कोणाकडून सुरू झाला याची मला आठवण देईल. असो.